आईचं आमेन

आमच्या घरात पप्पांना शांती मिळाल्याशिवाय काहीही होत नसे. हे बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावं लागतं. वस्तू घ्यायची असो, गावाला जायचं असो की चर्चमधल्या कुणा मुलीला स्थळ सुचवायचं असो, पप्पा ते प्रकरण आधी प्रभूपुढे ठेवत. म्हणजे हॉलमधल्या सोफ्यावर कोपरं टेकून गुडघ्यावर बसत, आणि बऱ्याच वेळानं उठले की छातीवर हात ठेवून आत कसं वाटतंय ते तपासत. स्वस्थ वाटलं तर शांती मिळाली, काम पुढे. अस्वस्थ वाटलं तर शांती नाही, विषय बंद. या दोन्हींच्या मधेही एक अवस्था होती. तिला ते 'प्रभू थांब म्हणतोय' असं म्हणत, आणि आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी वर्षानुवर्षं त्या मधल्या अवस्थेत पडून होत्या. स्वयंपाकघराच्या रंगाबद्दल प्रभू थांब म्हणाला होता, त्यामुळे भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या फोडणीचे डाग माझ्या बारावीपर्यंत तसेच होते.

गंमत अशी, की पप्पा पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर काचेच्या खोलीत बसून, अलिबागची गाडी कुठं लागेल, पेणची कुठं, कर्जतला जाणाऱ्यांनी आता थांबायचं की मिळेल ती पकडून निघायचं, हे ते भोंग्यावरून सगळ्या जगाला सांगत. तिथं त्यांना क्षणाचाही विचार लागत नसे. कोकणात निघालेली, पोराबाळांची आणि बोचक्यांची माणसं त्यांच्या आवाजावर विश्वास ठेवून इकडून तिकडे पळत. आणि हाच माणूस फ्रिजच्या दुकानात दोन फ्रिजच्या मधे डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा दुकानदाराला वाटलं यांना भोवळ आली, आणि त्यानं पाणी आणून तोंडावर मारलं. फ्रिज त्या दिवशी आला नाही. चेहरा ओला असताना शांतीचं नीट कळत नाही, असं पप्पांचं म्हणणं पडलं.

खारघरचा फ्लॅट हे मात्र आमच्या घराचं दुखणंच होतं. बेलपाड्याच्या बाजूला तेव्हा नुसती खडी आणि सळया पडलेल्या होत्या, नव्या इमारती उठत होत्या आणि आईच्या हॉस्पिटलातल्या अर्ध्या नर्सांनी तिथं घरं बुक केली होती. पप्पांनी तो विषय सोफ्यावर नेला. प्रभू थांब म्हणाला. तो इतका थांब म्हणाला, की तेवढ्या वेळात तिथं इमारती झाल्या, दुकानं झाली, शाळा झाल्या, आणि मग त्या जागेकडे नुसतं बघायलाही आमची ऐपत उरली नाही. आई आता माझ्याकडे असते. आजसुद्धा गाडी खारघरवरून जायला लागली की ती पर्समधे काहीतरी शोधायला लागते.

आईचाही विश्वास तितकाच होता, फक्त तिच्याकडे गुडघ्यावर बसायला वेळ नसे. ती नर्स. तिची प्रार्थना भाकरी थापताना चाले, आणि तव्यावरची भाकरी उलटायची वेळ झाली की संपे. आम्ही मूळचे नगरकडचे, त्यामुळे घरात शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी हा पाया, आणि पनवेलला आल्यावर त्यावर मासळी चढली. पप्पांच्या शांतीबद्दल आई एकच वाक्य बोलायची. "प्रभू वाट दाखवतो, पण चपला आपल्यालाच घालाव्या लागतात." हे ती चपला घालतानाच म्हणायची, आणि पुढचं ऐकायला थांबायची नाही.

पण आमच्या चर्चच्या मंडळीत आई प्रसिद्ध होती ती तिच्या आमेनमुळे. बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रार्थना चालू असताना सगळ्यांनी डोळे मिटलेले असतात आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं असतं. कुणीही एकानं म्हटलं की बाकीचे आपोआप म्हणतात, आणि एकदा सगळ्यांनी आमेन म्हटल्यावर प्रार्थना करणाऱ्याला पुन्हा सुरू करता येत नाही. हा काही लिहिलेला नियम नाही, पण तो मोडलेला मी अजून पाहिला नाही. आमचे वडीलधारे लोखंडे अंकल एकदा सुरू झाले की आधी मंडळीतले आजारी, मग प्रवासात असलेले, मग परीक्षेला बसलेले, मग देशाचे पुढारी, मग हायवेवरचे खड्डे, असं सगळं घेत. आतमधे रश्शावर साय धरत असे. अशा वेळी आई अंकलांच्या श्वासावर लक्ष ठेवून असे. एका वाक्यानंतर दुसरं सुरू करायला त्यांनी श्वास घेतला, की त्या फटीत ती खणखणीत "आमेन" म्हणे. सगळी खोली मागोमाग आमेन म्हणे. अंकल तोंड उघडं ठेवून डोळे उघडत, तोवर आई ताटं वाढायला उठलेली असे. पप्पांचीही प्रार्थना लांबायची. त्यांना ती अंकलांपेक्षाही लवकर कापायची, कारण त्यांचा श्वास तिच्या जास्त ओळखीचा होता.

आमच्या दारात मासळी घेऊन येणारी जनाबाई उरणकडची होती. टोपली उतरवून उंबऱ्यावर बसली की ती आधी पाणी मागे, मग मासळी दाखवे आणि मग आपल्या घरचं सगळं सांगे. पप्पा सगळं देवाला विचारून करतात हे तिला फार पसंत होतं. मुलानं बंदरातली नोकरी धरावी की होडीवरच राहावं, हे तिनं पप्पांना देवाला विचारून ठेवायला सांगितलं होतं. पप्पांनी मनापासून विचारलं. प्रभू थांब म्हणाला. मुलगा तोवर बंदरात लागूनही गेला. जनाबाईनं त्याचा राग धरला नाही. "तुमचा देव मोठा हाय, त्याला टाइम लागनारच," असं म्हणून तिनं त्या दिवशी चार बोंबील जास्त टाकले.

त्या शनिवारी आई सकाळच्या ड्युटीला गेली होती आणि पप्पांची सुट्टी होती. मी बारावीच्या अभ्यासाला बसले होते, म्हणजे पुस्तक पुढे घेऊन दाराकडे बघत होते. पप्पा पायजमा आणि बनियनवर उघडा शर्ट अशा वेशात स्टीलचं ताट घेऊन उंबऱ्याशी आले. जनाबाईनं ताटात मांदेली घातली आणि जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, की बाईनं डॉक्टरला दाखवलं का.

"काय दाखवलं?" पप्पा म्हणाले.

"ती गाठ. काखंच्या जवल हाय ती." मग तिनं पप्पांचा चेहरा पाहिला आणि तिचा हात टोपलीतच राहिला. "तुमाला ठावं नाय?"

हे तिला कसं ठाऊक होतं ते मला नंतर आईनं सांगितलं. मासे निवडताना हात वर केला तेव्हा आईच्या तोंडून आवाज निघाला, जनाबाईनं काय झालं म्हणून विचारलं आणि आईनं सांगून टाकलं. दुसऱ्या कुणाला सांगायचं हा तिचा प्रश्न होता. हॉस्पिटलात सांगितलं तर मेट्रन हातातलं काम काढून घेणार. चर्चमधे सांगितलं तर बुधवारी तो प्रार्थनेचा विषय होणार, आणि लोखंडे अंकल तिला आजाऱ्यांत घालणार. आणि घरात सांगितलं तर काय होणार, ते तिला चांगलंच माहीत होतं.

तेच मलाही माहीत होतं. मी उठून सोफ्यावरचं वर्तमानपत्र आणि माझी ओढणी बाजूला केली, म्हणजे त्यांना कोपरं टेकता येतील. सोफा मोकळा करायला हवा एवढंच तेव्हा मला सुचलं. पप्पा वळले, सोफ्याजवळ आले आणि सोफ्याच्या बाजूनं तसेच पुढे गेले. कपाटाखालून बूट काढले, मोजे न घालताच पाय आत कोंबले, आणि बाहेर पडले. मी दार ओढून त्यांच्या मागे पळाले. जनाबाई टोपलीपाशी उभी राहून, घराकडे मी बघते, जा, असं म्हणाली. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मांदेलीचं ताट अजून पप्पांच्या हातात आहे. त्यांनी ते मांडीवर धरलं होतं, दोन्ही हातांनी, आणि रिक्षा खड्ड्यात गेली की ते ताट सांभाळत होते. रिक्षावाला आरशातून ताटाकडे बघत होता. मासळी ताजी दिसतेय, कुठून घेतली, असं त्यानं विचारलं. पप्पांनी उत्तर दिलं नाही. पप्पांनी कुणाला उत्तर दिलं नाही असं मी प्रथमच पाहत होते.

हॉस्पिटलच्या दारावरच्या माणसानं त्यांना अडवायला हवं होतं, पण उघडा शर्ट, बूट आणि ताटभर मासे बघून त्याला बहुधा नेमकं कशासाठी अडवावं हे ठरवता आलं नाही. आम्ही बायकांच्या वॉर्डात शिरलो. आई दूरच्या टोकाला इंजेक्शनांचा ट्रे घेऊन उभी होती. पप्पा दारात थांबले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो स्टँडवरचा होता. "सुनंदा साळवे, सुनंदा साळवे, ताबडतोब दरवाज्याकडे या." सगळ्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. एकीनं तर पिशवी गोळा करायला घेतली.

आई आली. तिच्या हातात इंजेक्शनांचा ट्रे, यांच्या हातात मांदेलीचं ताट. दोघं एकमेकांसमोर तशीच उभी राहिली. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मग मी मेट्रनच्या टेबलाचा कोपरा घट्ट धरून उभी राहिले.

पप्पांनी विचारलं, कधीपासून. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. गणपतीच्या आधीपासून, असं ती म्हणाली. आता नाताळ जवळ आला होता. पप्पांनी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"भीती वाटली," आई म्हणाली. "गाठीची नाही. तुम्ही गुडघ्यावर बसला असता, आणि प्रभू थांब म्हणाला असता तर?"

मेट्रन पुढे झाली, पप्पांच्या हातातून ताट काढून घेतलं आणि एका आयाकडे दिलं. त्या मांदेलीचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण ताट धुऊन पुसून परत आलं आणि त्याला तेलाचा वास होता. हात मोकळे झाल्यावर पप्पांनी शर्टाची बटणं लावली आणि म्हणाले, चल, आत्ता डॉक्टरांना दाखवू. तेव्हा माझ्या आईनं, जिनं जन्मभर उभ्या उभ्या निर्णय घेतले होते, इतर कुणीही घ्यावेत तसे आढेवेढे घ्यायला सुरुवात केली. बेबीची, म्हणजे माझी, परीक्षा होऊ दे. नाताळच्या करंज्या व्हायच्यात. ड्युटी बदलून मिळणार नाही. आणि शेवटी तिला काहीच उरलं नाही तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला अजून शांती मिळाली नाही हो."

"शांती मागच्या गाडीनं येईल," पप्पा म्हणाले. "तू या गाडीनं चल."

तपासण्या झाल्या आणि तो कॅन्सर होता. हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नसे, सगळे 'ते' म्हणत. लोखंडे अंकल प्रार्थनेतसुद्धा 'ते' म्हणत, जणू प्रभूलाही ते नाव सांगणं बरं दिसत नव्हतं. ऑपरेशन आईच्याच हॉस्पिटलात ठरलं. मधल्या काळात पप्पा एकदाही सोफ्याशी बसले नाहीत. फ्रिज घेऊन आले. दुकानात गेले, हा द्या म्हणाले, हातगाडीवर घालून घेऊन आले. आईला सूप ठेवायला लागेल, एवढंच त्यांनी सांगितलं. मला तो फ्रिज बघून धडकी भरली. पप्पा देवाला न विचारता फ्रिज आणतात, म्हणजे परिस्थिती फारच वाईट आहे, असं मी धरून चालले.

ऑपरेशनच्या सकाळी लोखंडे अंकल मंडळीतले काही जण घेऊन थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात हजर झाले. आई स्ट्रेचरवर, हिरव्या कपड्यांत, केसांवर टोपी. इतकी लहान दिसत होती. अंकलांनी डोळे मिटले, आम्ही मिटले, स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयनंही मिटले. अंकलांनी सर्जनच्या हातांपासून सुरुवात केली. मग भूल देणारे, मग नर्सेस, मग ज्यांनी ही औषधं शोधून काढली ते शास्त्रज्ञ, मग त्यांची कुटुंबं. आतून कुणीतरी पेशंट कुठे आहे म्हणून ओरडलं. अंकल हॉस्पिटलच्या जनरेटरपर्यंत आले आणि त्यांनी श्वास घेतला.

"आमेन," स्ट्रेचरवरून आवाज आला. खणखणीत.

"आमेन," आम्ही सगळे म्हणालो, वॉर्डबॉयसुद्धा, आणि डोळे उघडेपर्यंत स्ट्रेचर आत गेलेलं होतं.

मंडळी चहा प्यायला गेली. पप्पा आणि मी बाकावर बसलो. मला वाटलं, आता तरी ते प्रार्थना करतील. ते नुसते बूट बघत बसले. मी विचारलं तर म्हणाले, शब्दच येत नाहीत. इतकी वर्षं बोलत आलो, आता तोंड उघडलं की काहीच येत नाही. तेवढ्यात जिन्यावरून मासळीचा वास वर आला आणि त्याच्या मागून जनाबाई. रिकामी टोपली खाली वॉचमनजवळ ठेवून आली होती. तिनं काय चाललंय ते विचारलं. पप्पांनी तिलाही तेच सांगितलं, की प्रार्थना सुचत नाही.

"मंग मी सांगू काय त्याला?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पदर डोक्यावर घेऊन छताकडे पाहू लागली. डोळे मिटायचे असतात हे तिला ठाऊक नव्हतं. "देवा, ही बाई आत हाय. मासली कशी निवडायची ते हिला बरोबर कलतं. भाव करते, पन कुनाला टाकून बोलत नाय. आमच्या दारच्या बायांना फुकट सुई टोचते. तिला ठेव. एवढंच." मग ती पप्पांकडे वळून म्हणाली, की आता तुमचं ते काय असतं ते म्हणा.

"आमेन," पप्पा म्हणाले.

ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, शांती मिळाली का. नाही, म्हणाले. मला राग आला. इतकी वर्षं रंग, फ्रिज, फ्लॅट यांच्यासाठी शांती शोधली, आणि आज हवी तेव्हा नाही, मग उपयोग काय, असं मी त्यांना बोलून दाखवलं.

"शांती नाही," ते म्हणाले. "पण तो इथं बाकावर बसलाय, एवढं कळतंय. त्यालाही आज बोलायला काही सुचत नसेल."

मी आता स्वतःच चाळिशी ओलांडली आहे. पप्पांना जाऊन काही वर्षं झाली. देवाच्या सोबतीबद्दल मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, चांगली होती, पण अडचणीच्या वेळी मला आठवतो तो बाकच. त्यावर मीही बसून आले आहे, एकदा नव्हे. तिथं कुणीतरी असतं, हे पप्पांनी सांगितलेलं खरं आहे.

ऑपरेशन नीट झालं. पुढचे महिने वाईट गेले, ते खोटं कशाला सांगू. आईचे केस गेले, चव गेली, आमटीला लोखंडाचा वास येतो म्हणून ती ताट सारायची. आम्ही करंज्या त्या वर्षी केल्याच नाहीत. पण ती घरी आली त्याच दुपारची गोष्ट मला सांगायची आहे. हॉलमधे तिच्यासाठी खाट टाकली होती. मी तिच्यासाठी पातेल्यात मऊ भात चढवला होता. पप्पा खाटेजवळ आले, आणि त्या शनिवारपासून पहिल्यांदाच, गुडघ्यावर बसले. कोपरं खाटेच्या कडेला टेकली. मी गॅस बारीक करून तिथंच उभी राहिले आणि डोळे मिटले. पप्पा बोलायला लागले. आधी अडखळत, मग सलग. सर्जन, भूल देणारे, मेट्रन, ताट धुणाऱ्या आया, रिक्षावाला, जनाबाई, तिचा बंदरातला मुलगा. प्रत्येकासाठी धन्यवाद. दोन महिने अडलेलं सगळं बाहेर येत होतं. एक वाक्य संपलं, त्यांनी श्वास घेतला. मी सवयीनं आमेन म्हणायला तोंड उघडलं. पण आईचा आवाज आला नाही.

पुढचा श्वास आला, गेला. त्याच्या पुढचाही. मला वाटलं तिला झोप लागली, किंवा त्याहून काही वाईट, आणि घरातला नियम मोडून मी डोळे उघडले. आई जागी होती. तिचेही डोळे उघडे होते आणि ती पप्पांच्या टकलाकडे बघत होती, शांतपणे, कुठली घाई नसल्यासारखी. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं पांघरुणाबाहेर हात काढला आणि ओठांवर बोट ठेवलं.

पप्पा स्वयंपाकघराच्या रंगापर्यंत आले. आत भात खाली लागल्याचा वास सुटला. दारात जनाबाईनं टोपली टेकवली आणि हाक मारली, मग पुन्हा एकदा मारली. आई काही आमेन म्हणत नव्हती.